सतरा नंबरचा मिक्सर

माझं नाव सुमन. माहेर वडगाव रासाई, दिली न्हावऱ्याला, बुद्धवाड्यात. आधी कांदा काटणीला जायची, मग रांजणगावला एमायडीशी आली आन् मी मिक्सरच्या कंपनीत लागले. शेवटचं टेबल माझं. मिक्सर पाच मिनिटं चालवायचा आन् कान देऊन ऐकायचं. काय सांगू तुम्हाला, पाट्या-वरवंट्यावर जल्म गेलेली बाई मी, पर नुसत्या आवाजावरनं सांगायची, ह्याची मोटर नीट बसली न्हाई. पास झाला की खोक्यावर माझ्या नंबरचा गोल कागद लागायचा, सतरा.

आन् हे आमच्या लोकांना मीच सांगितलं, मिरवायची हौस. भावकीत कुणाला मिक्सर घ्यायचा असला की दुकानात खोकं उलटं-पालटं करून बघायचे, सतरा हाय का. दौंडचा दुकानदार वैतागायचा, म्हणायचा मिक्सर घेताय का बैल?

मग पुण्यात ती मोठाली दुकानं निघाली, सगळं सस्त्यात देणारी. त्यांचा माणूस कंपनीत आला, सेंट मारून. म्हणाला नाव हेच, रंग हाच, खोकं हेच, फकस्त भाव खाली आणा, न्हाईतर दुसरी कंपनी तयार हाय. माल लई उचलणार व्हता मेला, मालक वाकला. आतली तांब्याची तार बारीक झाली, पितळंचं जाऊन प्लॅस्टिकचं आलं, वरनं काय कळतंय? पाच मिनिटं चालवला की जळका वास. मी बाजूला काढत गेले, ढीग लागला. तवा सुपरवायझर म्हणाला, सुमनबाई, आता एकच मिनिट चालवायचा. म्हटलं एका मिनिटात काय कळणार? तो म्हणाला, म्हणूनच. म्हटलं मग माझा नंबर लावू नका. तर म्हणाला नंबर जाईल तवा तुम्हीबी जाल. पोरगी बारावीला व्हती. एकेक मिनिट चालवून पुढं सोडाया लागले.

माझी दौंडची नणंद, शांता. नवरा गेल्यावर चटण्या-मसाले करून विकायची, त्यावरच घर चालायचं. तिनं पुण्याच्या त्या दुकानातनं दोन मिक्सर आणले, सतरा नंबर बघून. मला विचारलंबी न्हाई, कशाला विचारंल? नंबर व्हता ना. ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत दोन्ही जळाले. मी गेले तर ती पाट्यावर मिरची वाटत बसलेली, हाताची नुसती आग. एवढंच म्हणाली, वैनी, तुम्हाला आवाज आला न्हाई व्हय?

ऐकूच दिला न्हाई गं, म्हटलं. तिला खरं वाटलं न्हाई, आन् मला तिचा राग आला न्हाई. दुसऱ्या दिवशी काम सोडलं.

माझ्या जागी नवी पोरगी आली, तिला सतराच नंबर दिला. तिचं भलं होवो. त्या दुकानवाल्यांचं मातर वाटोळं होवो, लिवा तुम्ही, मी म्हणते म्हणून लिवा. परवा गेले मी तिथं, आन् खोक्यांवरचे माझे कागद नखानं खरडाया लागले. वॉचमन धावत आला, मावशी, काय करताय? म्हटलं, माझी अब्रू हाय, काढून घेते. पाच-सहा निघाले असतील. बाकीची खोकी वरच्या फळीवर व्हती, तिथवर हात पुरंना.