सुईसंगं संसार

माजं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अंगाला, नाव सांगितलं तरी तुमाला ठावं असायचं न्हाई ताई, येवढं बारकं गाव. कुसळं आन दगूड, दुसरं काय पिकायचं न्हाई तितं. आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला आन त्याच्या मागनं थोड्याच वर्सात माजा जल्म झाला, म्हणून आबांनी, म्हंजे माज्या वडलांनी, नाव ठेवलं सुजाता. बुद्धाला खीर वाढली ती सुजाता. आन माज्याच नशिबी खीर न्हाई, बगा. आबा मिल्ट्रीतनं पेन्शनीत आल्यालं, ताठ माणूस, बोलणं कमी. आय मी लहान असतानाच बाळंतपणात गेली, पोटातलं पोर बी तिच्यासंगं गेलं. मग घरात आमी तिगं, आबा, मी, आन आबांची आय, तिला मी आजी म्हणायची.

तर बहात्तर सालचा दुष्काळ. काय सांगू तुमाला, हिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, आन सगळा गाव सरकारच्या खडी फोडायच्या कामावर. मी बी जायची आजीसंगं, चौदा-पंधराची आसंन तवा. टँकर यायचा, त्यातलं पिंपभर पाणी कामावर ठेवल्यालं, बायामाणसं घोट घोट प्यायची. आन मला तहान लागली. तहान म्हंजे कशी, तांब्या रिकामा केला की पयल्यापेक्षा घसा जास्ती कोरडा. दुष्काळात ही असली तहान. मी आपली हातोडी टाकून लपत लपत पिपाकडं जायची, आन बाया बोलायला लागल्या, ही येकटी पोरगी निम्मं पिंप पिती, हिच्या पोटात काय हीर हाय का. मला रडू यायचं, पर रडत रडत बी मी पाणीच प्यायची.

अंगावरचं मास झडलं. पोलकं खांद्यावरनं घसराय लागलं. खायची दोन माणसांचं, सरकारनं वाटल्याल्या तांबड्या मिलो जवारीची भाकरी हुती तवा, पर अंगाला काय लागंना. मग आजीनं बगितलं, परसात मी जितं लगवीला बसायची तितं मुंग्यांची रांग. ती आबांना म्हणली, पोरीला बाहेरचं कायतरी झालंय, देवर्ष्याकडं न्या, अंगारा आणा. आबा म्हणालं, आय, आपण ते सोडलंय, ते सोडलं म्हणून तर माणसात आलो. आता दवाखाना, दुसरं काय न्हाई. आजी पदरानं डोळं पुसत माजं गठूळं बांदाय लागली.

आबांचा येक मिल्ट्रीतला दोस्त सांगलीला येका दवाखान्यात कामाला हुता, म्हणून साताऱ्याला न जाता सांगलीला न्हेलं. यष्टीत मला उलट्या, मग गुंगी. सांगली कवा आली मला ठावं न्हाई. आबांनी खांद्यावर टाकून आत न्हेली म्हणं. तितं डॉक्टरीणबाई हुत्या, त्यांनी माज्या तोंडाचा वास घेतला आन वळाकलं. सलाईन लावलं, सुया दिल्या, आन मी परत आली. परतच आली म्हणायचं, कारण आबांच्या दोस्तानं तर आशा सोडली हुती.

डोळं उघाडलं तवा बाई आबांना समजावत हुत्या, साखर जिरवायचं औषध हिच्या शरीरात तयार व्हायचं थांबलंय, ते आता रोज सुईनं बाहेरून द्यायचं. आबांनी इचारलं, किती दिस. बाई म्हणाल्या, जन्मभर. आबांनी मान खाली घातली. आबांची मान मी कवा खाली बगितली न्हवती, सरपंचाम्होरं न्हाई, कुणाम्होरं न्हाई. मग बाई माज्याकडं वळल्या, म्हणाल्या, हा आजार जाणार नाही बाळ, पण याला सोबत घेऊन म्हातारं होता येतं, व्हायचंय का म्हातारं? मी म्हणली, व्हय.

सिस्टरनं आबांना वांग्यावर सुई टोचायला शिकीवलं. वांग्यावर झ्याक जमायचं त्यांना. माज्या मांडीम्होरं आलं की हात लटलट कापायचा. लढाई बगितल्यालं माणूस, ताई. मग मीच म्हणली, आणा हिकडं. चिमटीत मास धरलं आन खुपसली. दुखलं, व्हय दुखलं, पर आबांचा हात कापताना बगण्यापरास कमीच दुखलं.

गावात परत आलो. आता त्ये औशद थंड जाग्याला ठेवाय लागतंय, आन फ्रीज कुठला, गावात वीज न्हवती. आबांनी मोठ्या मडक्यात वली वाळू भरली, त्यात बारकं गाडगं, गाडग्यात शिशी. वाळू वाळली की पाणी शिपडाय लागायचं, आन पाणी तर प्यायला न्हाई. आजी तिच्या वाट्याच्या तांब्यातलं शिपडायची. मी बोलली तर म्हणायची, मला म्हातारीला कितीसं लागतंय. काचेची पिचकारी चुलीवर उकळायची, सुई बोथट झाली की आबा दगडावर घासून धार लावायचं. आन लगवी तपासायची, काचेच्या नळीत निळं औशद, त्यात लगवीचं थेंब टाकून जाळावर उकळायचं. निळंच ऱ्हायलं तर साखर न्हाई, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर सांबाळा, आन विटंवानी तांबडं झालं तर कायतरी चुकलं. आजीला अक्षरओळख न्हवती, पर रंग तिला कळायचं, निळं दिसलं की आल्यागेल्याला दाखवायची, बगा आमच्या पोरीचं कसं आभाळावानी आलंय. मी म्हणायची, आजी, ती लगवी हाय. तर म्हणायची, आसंना.

मी परत खडीच्या कामावर गेली. आबा नको म्हणत हुतं, पर बाईंनी सांगितल्यालं, काम करूदे, फक्त सुई घेतली की जेवणाची येळ चुकवू नका. येक दिस चुकली. मुकादम मोजमाप घेत बसला, सुट्टीच करंना. मला घाम फुटला, हातपाय कापाय लागलं, दगूड कुठला आन हात कुठला कळंना. बाया म्हणाल्या, हिच्या अंगात आलंय, हळदकुकू आणा. आजी म्हणली, अंगात बिंगात काय न्हाई, साखर उतरलीय तिची, सरका. कामावर सुकडी वाटायचं, गुळातली, ती चिमूट चिमूट तिनं माज्या गालात घातली. मी गिळली, परत गिळली, आन घटकाभरानं उठून बसली. बाया बगत ऱ्हायल्या. जी साखर मला नको म्हणून आबा चहा सुदिक बिनसाखरंचा प्यायला लागलं हुतं, तीच मला वाढून उठवती, ह्ये त्यांना नवल वाटलं. पर दुसऱ्या दिशी काय झालं आसंल, पाण्यावरनं मला सगळ्यात जास्ती बोलायची ना, त्याच बाईनं पदराला गुळाचा खडा बांदून आणला. म्हणली, माज्याजवळ बस खडी फोडायला. काम संपंपत्तूर ती रोज आणायची.

मग लगनाचं. पावणं बगाय यायचं तवा आबांनी येकच नेम केला, काय लपवायचं न्हाई. पोह्याच्या आदी ताटात पिचकारी, शिशी, सुई मांडायचं आन म्हणायचं, ही आमच्या पोरीची रोजची भाकरी हाय, बगा आन मग चहा प्या. काय पावणं पोहं न खाताच उठलं. येक म्हणाला, सुईवर जगणारी बायकू घिऊन काय करायचं. आबा त्याला यष्टीपत्तूर पोचवून आलं.

मग सांगलीची आत्या आली, म्हंजे तवा परकी, पुढं माजी सासू. रांडमुंड बाई, हळदीच्या वखारीत निवडायला जायची, बोटं हळदीनं पिवळी. संगं तिचा ल्योक, त्यो तितंच पोती शिवायला. आत्यानं ताट बगितलं आन मला इचारलं, कुठं टोचती. मी दाखीवलं. दुखतं का. आता न्हाई. औशद किती घ्यायचं कसं कळतं. मी नळी आणली, रंग दाखीवलं. ती ल्योकाला म्हणली, नीट बग रं, तुला बी आलं पायजे ह्ये, ही कवा आजारी पडली तर कोण टोचणार. आजी दाराआड हुती, तिनं आतनंच चहाचं आदण ठिवलं. बुद्धवंदना झाली, लगीन झालं, मी सांगलीकर झाली.

दिस गेलं तवा त्याच डॉक्टरीणबाई सांगलीतच विश्रामबागेत सोताच्या दवाखान्यात बसायच्या. त्यांनी खोटं काय सांगितलं न्हाई, अवघड आहे म्हणाल्या, साखर चढेल, सुया वाढतील, बाळ अंगानं मोठं होईल, शेवटचे दिवस इथंच राहायला लागेल. आबा आलं गावावरनं. मला बाजूला घेतलं, म्हणालं, पोरी, तू नको म्हणलीस तर कुणी काय बोलणार न्हाई, तुजी आय अशीच गेली. मी म्हणली, आबा, आयला कोण बगणारं न्हवतं, मला तुमी हाय, आत्या हाय, बाई हायत्या. आन मला लेकरू पायजे.

मग आमी झुंजलो. सकाळ, दुपार, सांज, निजताना नळी तापवायची. आमचं मालक वखारीतनं आलं की आदी रंग बगायचं, मग पाय धुवायचं. उलट्या झाल्या की आत्या ताक भाकरी येकेक घास भरवायची, सुई घेतली आन पोटात काय न्हाई असं हू दिलं न्हाई तिनं. सातव्यात डोहाळजेवण केलं. शेजारणी म्हणाल्या, गोडाबिगर कसलं डोहाळजेवण. आत्यानं मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, पालेभाजी, असलं ताट मांडलं आन बायांना सांगितलं, आमच्यात असंच आस्तंय. बाया बोटं चाटत जेवल्या.

पोट फाडून पोर काढली. पोरगीच झाली, गुबगुबीत, पर तिची साखर जल्मल्या जल्मल्या खाली गेली. बाईंनी तिला ग्लुकोज लावलं आन सिस्टर उशाशी बसल्या. आबा वऱ्हांड्यात उभं, खुर्ची दिली तर बसंनात. मग बाई बाहीर आल्या, म्हणाल्या, दोघी ठीक आहेत. ताई, त्यो मिल्ट्रीचा माणूस मटकन खाली बसला आन लहान पोरावानी रडला. आन मग उठून बाईंना कडक सॅल्यूट ठोकला, सगळ्या दवाखान्याम्होरं.

बाळाला घिऊन गावाला गेली तर चावडीपासनं बाया संगं चालत आल्या. आजीनं पोरीला मांडीवर घितली, तिचा मुका घितला, आन दिवसभर कुणाला देईना.

आता आबा न्हाईत, आजी न्हाई, आत्या बी गेली. मालकांचं गुडगं दुखत्यात. लेक शिरवळला कंपनीत हाय, नातू कॉलेजात. सुई आता पेनात मावती, उकळाय लागत न्हाई, बोटाच्या थेंबावर साखर कळती. डोळ्याचं येकदा लेसर केलं, पावलं रोज बगती, येवढंच. पहाटं कृष्णंच्या घाटावर चालून येती, घरात सोयपाक माजाच. तुमी लिवताय ते लिवा, पर आता वही मिटा, माजी जेवायची येळ झाली आन ती मी चुकवत न्हाई. या, हात धुवा, माज्या संगट बसा. पिठलं केलंय. लय वर्सं जगा ताई, आन पोटभर खावा.