साफ ओढ्याचा मुकादम

…आणि वर मलाच विचारते, "बाबा, ओंडके कुठे अडकायचे ते तुम्हालाच ठाऊक असणार ना?" आता बोला! अहो, बत्तीस वर्षं मी त्या ओढ्याचा मुकादम होतो, बत्तीस! गुडघ्यापर्यंत बूट, हातात लांब काठी, काठीला लोखंडी आकडी आणि मागे चार माणसं… झाड पडलं की काढ, फांदी अडकली की ओढ, ओंडका आडवा आला की दोर लाव आणि खेच! तुम्हाला सांगतो, काडी म्हणून ठेवली नव्हती मी त्या ओढ्यात! आणि निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोच माझीच सून, त्याच खात्यात इंजिनिअर, माझ्याच टेबलावर नकाशा पसरून मला विचारतेय की ओंडके परत कुठे टाकायचे!

परत! टाकायचे! ओढ्यात! मी बायकोकडे बघितलं. बायको अशा वेळी खिडकीबाहेर बघते.

मी म्हटलं, "अगं, पाणी तुंबेल!" तर कशी म्हणते, शांतपणे हं, सुनेचा आवाज कधी चढत नाही, चढला असता तर भांडता तरी आलं असतं… म्हणते, "तुंबू दे ना बाबा. तिथे वर नुसतं रान आहे. मोठ्या पावसाचं पाणी ओंडक्यांना अडेल, रानात पसरेल, थोडं जिरेल, उरलेलं फटींतून हळूहळू खाली येईल. बंधारा थोडाच आहे तो? एरवीचं पाणी ओंडक्यांखालून वाहतच राहणार. आत्ता काय होतंय? तुम्ही ओढा साफ करून पाण्याला घसरगुंडी करून दिलीत. वरचं सगळं एका दमात खाली!"

आणि खाली कोण राहतं? सांगा, कोण राहतं? माझी ताई!

थोरली बहीण. खालच्या गल्लीतलं शेवटचं घर, मागच्या दारात ओढा, आणि दर पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात पाणी. दर म्हणजे दर! कधी घोटाभर, कधी पार ओट्यापर्यंत. मी ओढ्यावरचं काम उरकून धावत जायचो, बादल्या भरभरून उपसायचो, आणि ताई हातात खराटा घेऊन म्हणायची, "अरे मुकादमा, त्या ओढ्याचं काहीतरी कर की!" मग मी काय करायचो? आणखी साफ करायचो! पाणी आलं की साफ, जास्त आलं की जास्त साफ! काडी म्हणून ठेवली नाही, अहो, काडी म्हणून… आणि आता ही पोरगी म्हणते की… म्हणजे मीच… छे! दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. म्हणजे जेवलो, खोटं कशाला बोलू, पण चव लागली नाही.

तिसऱ्या दिवशी उठलो, बूट चढवले आणि गेलो तिच्याबरोबर. दाखवलं सगळं. हे वळण बघ, इथे दोन खोडं कायम एकमेकांत अडकलेली असायची. त्या खडकापाशी एक जाड धूड होतं, ते काढायला मला तीन दिवस लागले होते… सांगताना अभिमानाने छाती फुगायची आणि लगेच फुस्स व्हायची. क्रेन आली, सात ओंडके आले, टोकं काठात खोल पुरली, म्हणजे पुरात सुटून पुलाला धडकायला नकोत. झालं काम. सून खूश.

आणि मग माझ्या हातून ते झालं. हसू नका! सकाळी फिरायला गेलो, काठी आपली सवयीची, आकडीवाली. बघतो तर काय, ओंडक्यांच्या फटींत फांद्या अडकलेल्या, पाला, काटक्या… म्हणजे सुनेला जे हवं होतं तेच, छान दाटून बसलेलं. पण हाताला कोण सांगणार? हात बत्तीस वर्षांचा नोकर! एक फांदी ओढली, दुसरी ओढली, शीळ घालत घालत तासाभरात सगळी जागा लख्ख! फांद्यांचा काठावर नीट ढीग रचला, हात झटकले… आणि मग आठवलं. मागे सून उभी. नुसती उभी हो! म्हणाली, "बाबा, चहा घ्या आणि परत बसवा." बसवल्या. एकेक फांदी, एकटा, कमरेइतक्या पाण्यात. काडी म्हणून सोडली नाही, सगळ्या परत खोचल्या!

आठवड्यात पाऊस लागला. कसला पाऊस! मी सकाळीच ताईकडे. तिने भांडी, डबे, मिक्सर सगळं माळ्यावर चढवलेलं आणि स्वतः टेबलावर पाय वर घेऊन बसलेली. मीही बसलो शेजारी. एरवी दोन तासांत पाणी दारात. दोन तास झाले. "आलं का रे?" "नाही." चार झाले. "आलं?" "नाही गं." "येईल, येईल," ताई म्हणते, जसा काही पाहुणाच उशीर करतोय! संध्याकाळी आलं. रमतगमत आलं, खालच्या पायरीला लागलं, जरा थांबलं… आणि ओसरलं. तुम्हाला सांगतो, घरात पाणी आलं ते तेवढंच, माझ्या डोळ्यांतलं.

मग मी ताईला सगळं सांगून टाकलं. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "बत्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात पाणी तू सोडत होतास?" मी म्हटलं, "हो." म्हटलं, आता खराटा उचलते! तर ताई हसायला लागली, टेबल हलेपर्यंत हसली. मग खाली उतरली, माळ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "उतरव."

नुसती या वर्षीची भांडी नव्हेत हो! घाबरून घाबरून वर चढवलेलं आणि पुन्हा कधी खाली न आणलेलं, बत्तीस वर्षांचं सगळं! शिवणयंत्र, गाद्या, भाच्याचा पाळणा, तो भाचा आता टकला झालाय… आज चौथा दिवस. गुडघे बोलतात, पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मी शिडीवर, आणि ताई खाली खुर्चीत, पाय जमिनीवर ऐसपैस पसरून, चहा पीत सांगतेय, "अरे, सगळं एका दमात खाली सोडू नकोस! एकेक दे, सावकाश!"

…देतोय. एकेक देतोय. करतो काय!