उद्याच्या गाडीत मी नाही

मराठी मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष राजेंद्रजी, आमचे प्राचार्य महोदय, आणखी दोन कार्यक्रमांना जायचं आहे असं आल्यापासून सांगणारे प्रमुख पाहुणे हेमराजजी, बालाघाट, भरवेली आणि तिरोडीहून वेळात वेळ काढून आलेली मंडळी, माझे वर्गमित्र आणि वर्गमैत्रिणी, तसेच मागच्या दाराशी उभं राहून जेवण कुठवर आलं याचा अंदाज घेणारे सज्जनहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माइकवाला मोहित मघापासून खुणावतो आहे, ‘मॅडम, थोडा पास से बोलिए.’ बोलते, बाबा.

अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली. निवृत्तीनंतर घरी न बसता आपल्या इथल्या कॉलेजात बी.एस्सी. गणिताला बसल्या, नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर शिकल्या आणि आता जबलपूरच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला निघाल्या. मला ते प्रेरणास्थान म्हणाले. शाल दिली, श्रीफळ दिलं आणि ही निळी, चाकांची सुटकेस दिली. आपलं प्रेम मोठं आहे.

पण मला एक विचारू द्या. वर्गात गणितात पहिली आलेली मयुरी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला आपण पेन दिलंत आणि मला सुटकेस. असं का? एकविसाव्या वर्षी मुलीने गणितात पहिलं यावं यात कौतुक काहीच नाही, आणि पांढऱ्या केसांच्या बाईने वर्गात नुसतं बसावं यात सगळं कौतुक? हेमराजजी, आपण घड्याळ पाहू नका, मी मुद्द्यावर येते आहे.

ज्याला कुठेच जागा मिळत नाही तो गावातल्या कॉलेजात जातो, अशी आपल्याकडे समजूत. मीही तीच घेऊन आत गेले. कॉन्व्हेंटमध्ये बारावीपर्यंत गणित शिकले होते, मग वडिलांनी इंग्रजी घ्यायला लावलं. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. म्हटलं, राहिलेलं गणित तेवढं आटोपून टाकू. पहिल्याच आठवड्यात सरिता मॅडमनी माझा गर्व उतरवला. सरकार त्यांच्यासारख्या हंगामी शिक्षकांना अतिथी विद्वान म्हणतं आणि अतिथीसारखंच वागवतं, म्हणजे जायचं कधी ते विचारत राहतं. तरी ही बाई अख्खा विभाग एकटी सांभाळते. मॅडम, आपल्याला शाल कुणी दिली नाही, म्हणून माझी देते. नाही म्हणू नका. पुढे मी जे बोलणार आहे, त्यानंतर ती माझ्या खांद्यावर बरी दिसणार नाही.

मयुरी भरवेलीला माझ्या घरामागच्या गल्लीत राहते. तिचे वडील चैतरामभाऊ खाणीत कामाला आहेत, सज्जन माणूस. मुलगी बारावी झाली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की कॉलेज बालाघाटातच, आणि तेही सोबत असेल तर. सोबत मी झाले. सकाळी आम्ही दोघी ऑटोत बसायचो. भरवेलीपासून कॉलेजपर्यंत ती मला कालचा धडा समजावून सांगायची आणि ऑटोवाला आरशातून बघत आम्हाला वेड्या समजायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

मात्र मला ताप आला की मयुरीची रजा. मी लग्नाला हट्टा गावी गेले की मयुरीची रजा. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा पाय मुरगळला, तर ही पोर माझ्या पायाला हळद लावत रडत होती. मला तेव्हा काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याचं या वयात फार बरं वाटतं. त्या घराला सांगायला हवं होतं की पोरगी एकटी जाईल. मी मात्र पाय बांधला आणि तिच्यासोबत परीक्षेला गेले. टाळ्या मिळाल्या तेव्हाही.

आता निकालाचं सांगते. मयुरीला जबलपूरला प्रवेश मिळाला. आणि मी नापास झाले.

शांत राहा. रिअल अ‍ॅनालिसिसचा पेपर, दुसऱ्यांदा. त्या विषयात उत्तराला किंमत नसते, ते कसं आलं ते सिद्ध करावं लागतं, आणि मला आयुष्यभर ठणकावून उत्तर देण्याची सवय. मी पास झाले असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नाही. सगळे म्हणाले, मॅडमचं काय विचारायचं, आणि कुणी विचारलं नाही. मी पेढे खाल्ले.

गेल्या आठवड्यात चैतरामभाऊ घरी आले. दारातच चपला काढून उभे. म्हणाले, “बाई, एकच इचारतो. तुमी बी जाऊन राह्यल्या ना जबलपूरले? तुमी असान तं पाठवतो. नाही तं मले जमत नाही.”

मी म्हणाले, “हौ.”

मी कधी ‘हो’ला ‘हौ’ म्हणत नाही, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मुलं म्हणाली की मी टोकायची. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून त्यांचाच शब्द आला, त्यांचा विश्वास बसावा म्हणून. कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी इतकी वर्षं आम्हाला खोटं कसं बोलू नये ते शिकवलं. कसं बोलावं, ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा बेत पक्का होता. उद्या सकाळी स्टेशनवर जायचं, गुडघा धरायचा आणि म्हणायचं, पोरी, तू हो पुढे, मी चार दिवसांनी येते. एकदा गाडी सुटली की सुटली. एका मुलीसाठी एवढं खोटं चालतं, असं मी स्वतःला बजावलं होतं.

काल ललितावहिनी, मयुरीची आई, दोन डबे घेऊन आल्या. एक पोरीचा, एक माझा. जवसाची चटणी आहे त्यात. सहज बोलता बोलता म्हणाल्या, “वसतिगृहाचा फारम भरूच नको म्हणलं ह्यायनं. बाई हायेत ना, दोघी खोली करून राहतीन.” तो डबा माझ्या ओट्यावर तसाच आहे. मला उघडवला नाही.

म्हणजे माझ्या एका शब्दावर ही मुलगी उद्या परक्या शहरात उतरणार, आणि तिथे ना मी असणार ना वसतिगृह. एका आठवड्यात तिला परत आणलं गेलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, बघा, मुली एकट्या राहू शकत नाहीत. म्हणून आज बोलते आहे. उशिरा बोलते आहे, हे मला कळतं. मयुरी, मान वर कर. खोटं मी बोलले, तू नाही.

काय म्हणालात चैतरामभाऊ? मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ते विचारतात, “मंग पोरीसोबत कोन हाय?”

कुणी नाही, भाऊ. वर्गात मुली असतील, वसतिगृहात वॉर्डन असेल, पण तुम्ही विचारता तशी सोबत कुणी नाही. माझ्यावर रागवा, तो तुमचा हक्क आहे. या गल्लीतून त्या गल्लीत माझ्याशी बोलू नका. पण तीन वर्षं ऑटोत कोण कुणाला घेऊन जात होतं, हे एकदा आठवून पाहा. पास झाली ती मयुरी. नापास झालेल्या बाईच्या भरवशावर तुम्ही तिला पाठवायला तयार होतात, मग तिच्या स्वतःच्या भरवशावर का नाही? वसतिगृहाचा अर्ज उद्या संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरता येतो. प्राचार्य महोदय मदत करतील. करतील ना? मान हलवली त्यांनी, सगळ्यांनी पाहिली.

उद्या सकाळी स्टेशनवर मी येईन, पण फलाटावर उभी राहीन. पुढच्या वर्षी पुन्हा पेपरला बसेन, आणि ऑटोने एकटी जाईन.

मंडळाचे, सरिता मॅडमचे आणि पंगतीची वाट पाहत एवढं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. चैतरामभाऊंकडे मात्र मी आज माफी मागत नाही. ती मागायला घरी येईन, दारात चपला काढून.

ही सुटकेस माझी नाही. ती मी इथे मंचाच्या कडेला ठेवते. जिची आहे तिच्या घरच्या कुणीतरी उचलावी.

चैतरामभाऊ, पाय जरा बाजूला घ्या. ललितावहिनींना पुढे यायचं आहे.