कुंदाच्या आजोबांची खुर्ची

अंधेरीला बसच्या रांगेत एक नवराबायको माझ्यापुढे उभे होते. जवळच आंबोलीला सेराफिनाबाईंकडे विकायला काढलेल्या जुन्या खुर्च्या बघून परतत होते.

"सागवानीच घेऊ या. चांगली धडधाकट आहे," बायको म्हणाली.

"नवी वाटते ती. वेताची घेऊ. हात बघितलेस किती झिजलेत?"

"झिजलेली कशाला आणायची?"

"कुंदाला बघायला येतील त्यांना आपोआप कळेल, घरात आजोबांपासून खुर्च्या आहेत."

"पण त्या खुर्चीच्या पाठीवर क्रूस कोरलाय."

"उशी टेकवू."

"आणि मामंजी? ते आजही जमिनीवर मांडी घालून बसतात. सगळ्यांसमोर विचारतील, ही कुणाची उचलून आणलीत?"

"म्हणून तर रविवारी अण्णांना मुलुंडला ताईकडे पाठवायचं."

"त्यांचं नाव सांगून खुर्ची मांडायची आणि त्यांनाच घालवायचं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पोरीचं जमतंय ना, ते बघ."

"आणि पाहुण्यांनी विचारलं, आजोबा कुठे आहेत, तर?"

"नाही विचारणार. अशी खुर्ची दिसली की माणसं आजोबांना भिंतीवर शोधतात."