पटाशीचा कोन

हॅलो?… हो, मीच. बोल ग्लेनी… नाही गं, लाकूड कातायची लेथ इथेच आहे अजून. लिंडसे यायचाय. कातकामाच्या क्लबातलं आटपून परस्पर ट्रेलर घेऊन येतो म्हणालाय… हो, त्याच्यासाठीच स्कोन टाकलेत ओव्हनमध्ये. लेथ न्यायला येणाऱ्याला उपाशी कसं धाडायचं?

तुझे बाबा शेडमध्ये आहेत… एकटेच… अगं हो, समोरचं दिसत नाही हे मला काय सांगतेस? ताटातले वाटाणे कुठे आहेत ते रोज मीच सांगते त्यांना. कडेकडेचं तेवढं दिसतं, मधे नुसतं धुकं… माहितीये गं बाई. धार लावायचा ग्राइंडर चालू आहे. हो, तोच आवाज.

ओरडू नकोस. आधी ऐक… ऐक ना… अगं, बोटं जागेवर आहेत सगळी. मी आत्ताच तिथून आले, म्हणून म्हणते, मला नीट बोलू दे.

तुला एक विचारते. मागच्या आठवड्यात लॉन्सेस्टनहून आलीस, शेड आवरलीस. बाकाला एक ठोकळा ठोकलेला होता, काडेपेटीएवढा… ग्राइंडरच्या डाव्या हाताला… हो, तोच काळपट… उपटलास ना? मग काय केलंस त्याचं?… चुलीत. हं. मला तेच वाटलं.

नाही, रागावले नाही. मला तरी कुठे माहीत होतं? मी तर म्हणाले, पोरीने कसं लख्ख केलंय सगळं. त्यांनीही तुझं कौतुकच केलं, आठवतं? बाकावरून हात फिरवला, खिळ्यांची भोकं लागली बोटाला, तरी ‘छान आवरलंस’ म्हणाले.

अगं, तो ठोकळा म्हणजे त्यांचे डोळे होते… थांब, सांगते. पटाशीला धार लावायची तर ती लोखंडी पकडीत धरतात, बरोबर? पकडीचा पाय खालच्या खोबणीत टेकवायचा आणि ग्राइंडरच्या दगडावर इकडून तिकडे झुलवायची. खोबणी जागची हलत नाही, पकडीचा पायही तसाच पक्का. उरलं काय, तर पटाशी पकडीतून किती पुढे काढायची. जरा जास्त काढली की कोन बदलला, जरा कमी तरी बदलला. डोळे होते तेव्हासुद्धा ते मोजत बसायचे नाहीत. पकड बाकाच्या कडेला टेकवायची, पटाशी पुढे सरकवायची, टोक ठोकळ्याला लागलं की स्क्रू आवळायचा. झालं. दर वेळी तोच कोन.

हो… हो, आता कळलं ना? डोळे गेल्यावरही चाललं होतं ते त्याच्यावर. आपण दोघी म्हणत होतो, म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अंदाजाने एक पटाशी लावली. तीच अडकली लाकडात आणि तो ससाफ्रासच्या लाकडाचा वाडगा लेथवरून सुटून भिंतीवर आपटला… हो, मी तुला फोनवर सांगितलं तेच. आणि तू म्हणालीस, बघ, मी म्हणत नव्हते? मीही ‘हो’ म्हटलं. ते जेवायला बसले आणि म्हणाले, लिंडसेला सांग, लेथ घेऊन जा… नाही, कारण नाही सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून. आज सकाळी मला सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा.

रडू नकोस गं. पुढचं ऐकायचंय ना?… मग ऐक.

सकाळी म्हणाले, चल शेडमध्ये, हत्यारं लावायचीत. मी म्हटलं, आता कशाला, आज जायचीच आहेत ना? तर माझ्यावरच डाफरले. बोथट पटाशी दुसऱ्याच्या हातात देतात का, म्हणाले. त्यांच्या बापाने कधी दिली नाही, आपल्या खोऱ्यात कुठल्याच कातकाम करणाऱ्याने दिली नसेल, म्हणाले. लेथ जाईल, पण क्लबात कुणी माझी पटाशी हातात घेतली आणि ती लाकडावर घासत बसली, तर मला जमिनीत गाडून घ्यावं लागेल… हो ना, तसलेच आहेत ते. मलाही हसू आलं. पण तोंड बघवत नव्हतं गं त्यांचं.

तर ती बिघडलेली पटाशी बाजूला ठेवली. दुसरी घेतली, तशीच, पण ठोकळा गेल्यापासून हिला त्यांनी दगडाला लावलं नव्हतं. बोथट झालेली, पण अंगठा फिरवला टोकामागच्या उतारावरून आणि थबकले. पुन्हा फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, ‘धार गेलीय. कोन आहे अजून.’

मला काही समजलं नाही. म्हटलं, मग?… अगं, तेच तर. ज्या कोनात ती आजवर घासली, तो कोन पटाशीच्याच अंगावर आहे ना. ठोकळा जळाला तर जळाला.

ग्राइंडर बंदच होता. पटाशी पकडीत सैल ठेवली, पाय खोबणीत, आणि उतार दगडावर टेकवला. मग दगड हाताने फिरवायला लागले, एवढासा, आणि कान खाली नेला. पार गाल टेकेपर्यंत. पटाशी थोडी पुढे, थोडी मागे. किर्र किर्र. मी काही बोलायला गेले तर बोट वर केलं, गप्प. रेडिओ बंद केला मी. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या, त्यांच्यावर खेकसले.

आणि मग आवाज बदलला. ग्लेनी, मला पण ऐकू आला गं. मला… जी मी चाळीस वर्षं त्या आवाजाला शिव्या दिल्या. आधी नुसतं टोकरल्यासारखं होत होतं, आणि एकदम मऊ झालं, भरल्यासारखं. अख्खा उतार दगडावर बसला होता. त्यांनी श्वास सोडला आणि स्क्रू आवळला.

मी कसला विश्वास ठेवतेय. म्हटलं, मला दाखवा. तर म्हणाले, कपड्यांवर नावं घालायचा तो काळा मार्कर आण. उताराला काळं फास म्हणाले, मी फासलं. दगड हाताने एकदा फिरवला. म्हणाले, बघ, किती राहिलं.

काही राहिलं नव्हतं गं. मागच्या कडेपासून धारेपर्यंत सगळं चकचकीत. कुठे काळा ठिपका नाही. मला चष्मा लावूनही जे दिसलं नसतं ते त्या माणसाने कानाने… थांब, नाक पुसू दे.

… हो, आहे. ऐकतेस ना?

मग पकड बाकाच्या कडेला लावली, टोक जिथे आलं तिथे नवा ठोकळा मारला. ह्यूऑन पाइनच्या लाकडाचा तुकडा मिळाला त्यांना, वास सुटला नुसता शेडभर. हातोडी मीच मारली, धरला त्यांनी. माझा एक फटका चुकून त्यांच्या नखावर बसला. म्हणाले, चाळीस वर्षं वाट बघत होतीस ना?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती बिघडवलेली पटाशी घेतली. टोक नव्या ठोकळ्याला टेकवलं, आवळलं, दगड चालू केला, झुलवली. ठिणग्या आधी नुसत्या खालून उडत होत्या, मग हळूहळू वर आल्या, आणि धारेवरून सांडल्या, म्हणजे पार धारेपर्यंत घासली गेली. लगेच बंद. माझ्या हातात दोन्ही दिल्या. मी शेजारी शेजारी धरल्या, खिडकीत नेल्या, उलट्यासुलट्या केल्या. शेवटी कुठली कुठली तेच मला कळेना. जुळ्या बहिणी. मी दोन्ही परत त्यांच्या हातात दिल्या.

मग लेथवर एक ओंडका चढवला. म्हणाले, न्यायच्या आधी एकदा बघू, धार खरी लागलीय का… अगं, मी त्यांना अडवायला हवं होतं, माहितीये. नाही अडवलं. लाकडाची फीत निघाली, ओली, लांबच लांब, त्यांच्या मनगटावरून खाली. पटाशी कुठे अडकली नाही, थरथरली नाही. ते डोळे मिटूनच उभे होते. मिटले काय नि उघडे काय… मी कोणासोबत संसार केला हे मला आज कळलं, असं झालं बघ.

… मला नको विचारूस. मला काय वाटतं? मला भीती वाटते. तुला वाटते तेवढीच. पण ती लेथ गेली ना, तर हा माणूस खुर्चीत बसून राहील आणि मी त्याला वाटाणे दाखवत बसेन… मग? काय म्हणतेस?… मोठ्याने बोल… खरंच? तूच सांगशील लिंडसेला, नेऊ नको म्हणून?

थांब. गाडी आली वाटतं… आलाच. ट्रेलर आहे मागे, दोर पण आहेत… अगं, आता तू काय सांगणार, तो शेडपाशी पोचलासुद्धा, खिडकीतून दिसतोय मला… मी जाऊ का पुढे?… थांब, थांब.

आत नाही गेला. शेडच्या दारात थांबलाय. टोपी काढली… ऐकतोय. बाबा कातताहेत ना आत, ते ऐकतोय… आवाज पोचतो का तुला?… हो, तोच. लोणी कापल्यासारखा… बाबांना पत्ताच नाही तो आल्याचा… किती वेळ उभा राहणार हा?

वळला… परत गाडीकडे चाललाय… दोर आणायला असेल… ग्लेनी, मी जाते, मी आडवी पडते ट्रेलरला… अगं, थांब…

दोर नाहीत गं हातात. गुंडाळी आहे, चामड्याची. पटाशा आहेत… त्याच्याच. त्याला कधी एक उतार दुसऱ्यासारखा जमला नाही, क्लबभर हसतात… हो, आत गेला. बाबांच्या पुढ्यात बाकावर मांडतोय, एकेक करून… ट्रेलर? ट्रेलर रिकामाच आहे, बाई. ठेवते. त्याला स्कोन देते आता.