बाबांची वेल

वनस्पती उद्यानाच्या सल्लाखिडकीपाशी, आपली कुंडी सांभाळीत उभ्या असलेल्या वृद्ध गुरुजींच्या पुढे एक भाऊ आणि त्याची बहीण होती.

“मूळ पार कुजलंय. ही वेल आता वाचायची नाही,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “इतकी दुर्मीळ, आमच्याकडेसुद्धा नाही. दुसरीकडे कुठे लावलीत का?”

“छे! फांदी कुणालाही द्यायची नाही, असं बाबांनी बजावलं होतं.”

“दादा, माझ्या अंगणात आहे ती.”

“चोरलीस?”

“सासरी निघाले तेव्हा बाबांनीच दिली. म्हणाले, दादाला सांगू नकोस. एकच आहे म्हणून तो जिवापाड जपतो.”

भाऊ पिशवीतल्या मुळाकडे पाहत राहिला. गुरुजींनी पुढे सरकण्याची घाई केली नाही.

“मला देशील का गं एक फांदी?” भावाने बहिणीला विचारलं.

“देईन की. पण आधी या बाईंना.”