आपोआप चालणारी टाकी

बसच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंना त्यांची वहिनी भेटली. वहिनीच्या हातात भलीमोठी बॅग होती.

“वहिनी, दादाची माशांची टाकी काय म्हणते?”

“झकास! आत झाडं लावलीत, त्यामुळे काही म्हणजे काही करावं लागत नाही. म्हणून तर तुझ्या दादाला घर सोडता येत नाही.”

“का गं?”

“कुणी काही करू नये म्हणून पहारा देतो. आईंनी एकदा आतल्या दगडांवरचं शेवाळ घासून काढलं.”

“बरंच केलं की!”

“अगं, मुद्दाम विकत आणलेलं शेवाळ ते! दोन दिवस जेवला नाही.”

“आणि मासे?”

“अजून आणलेच नाहीत. आधी पाणी मुरायला हवं म्हणे. पण ते दचकतील म्हणून टीव्ही बंद.”

“कोण दचकतील?”

“मासे. येतील तेव्हा. आपल्याला आतापासून सवय नको? जास्त ऊन चालत नाही, म्हणून पडदेही बंद. आम्ही सासवा-सुना भरदुपारी चाचपडत फिरतो.”

“तू बोलत का नाहीस त्याला?”

“बोलले ना. म्हटलं, तू इथे बसून राहिलास तर घर कोण बघणार? तर म्हणतो, कुणी हात लावला नाही, की सगळं आपोआप जमून येतं.”

“मग?”

“मग काय, मीही हात काढून घेतला. तुझ्याकडेच राहायला निघालेय.”

“अगंबाई! आणि आई?”

“त्या मागच्या बसनं येतायत. म्हणाल्या, ‘तू हो पुढे. तो आंघोळीला गेला, की एवढी टाकी घासते नि निघते.’”